मधुमेहात डाळ चालते का? वाटीभर उसळीचा हिशोब

तपासणीत साखर वाढलेली निघाली की घरात पहिला प्रश्न येतो, "आता काय काय बंद?" साखर बंद, बटाटा बंद, भात बंद, केळं बंद. यादी लांबत जाते आणि कधीतरी डाळीपाशी येऊन अडते. शेजारच्या काकू सांगतात, डाळी भरपूर खा, त्यांत प्रथिनं असतात. मोबाइलवर आलेला व्हिडिओ सांगतो, डाळीत निम्म्याहून जास्त कर्बोदकं असतात, म्हणजे तीही साखरच. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत आणि म्हणूनच माणूस गोंधळतो.

हा गोंधळ लाखो घरांतला आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 साली आले. त्यांनुसार भारतात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. याच पाहणीतला आहाराचा भाग 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की आपण दिवसभरातली सुमारे 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घेतो आणि प्रथिनांतून जेमतेम 12 टक्के. संशोधकांनी पुढचं गणितही मांडलं: कर्बोदकांच्या वाट्यातली फक्त 5 टक्के ऊर्जा वनस्पतींच्या किंवा दुधाच्या प्रथिनांकडे वळली, तरी मधुमेहाचा धोका कमी दिसतो.

वनस्पतींची प्रथिनं म्हणजे आपल्या घरात काय? तूर, मूग, मसूर, हरभरा, मटकी, चवळी, वाल, कुळीथ. हे सगळं डब्यांत भरलेलं असतंच. पण आपल्याकडे भात-पोळी हे जेवण आणि आमटी-उसळ हे तोंडी लावणं, अशी पानाची मांडणी पक्की बसलेली आहे. मधुमेहात डाळींचा उपयोग करून घ्यायचा असेल तर बदलायची आहे ती ही मांडणी. डाळ भाताच्या वर चढवायची नाही, भाताची काही जागा तिला द्यायची. बाकी सगळा तपशील याच एका गोष्टीभोवतीचा आहे.

डाळीत नेमकं असतं काय?

कर्बोदकं म्हणजे अन्नातला पिठूळ आणि गोड भाग. पचल्यावर त्याची ग्लुकोज ही साखर होते आणि ती रक्तात उतरते. भात, पोळी, भाकरी, पोहे, साबुदाणा, बटाटा हे सगळे कर्बोदकांचे मोठे साठे. प्रथिनांनी शरीराची बांधणी आणि डागडुजी होते. तंतू म्हणजे कर्बोदकांमधला असा भाग, जो आपल्या आतड्याला पचवताच येत नाही. तो तसाच मोठ्या आतड्यापर्यंत जातो.

कोरडी डाळ 100 ग्रॅम घेतली तर तिच्यात साधारण 20 ते 24 ग्रॅम प्रथिनं असतात आणि 50 ते 60 ग्रॅम कर्बोदकं. म्हणजे व्हिडिओवाला खोटं बोलत नव्हता. तांदळात कर्बोदकं 78 ग्रॅमच्या आसपास आणि प्रथिनं 7-8 ग्रॅम. नुसते आकडे शेजारी ठेवले तर डाळ तांदळापेक्षा थोडी बरी, एवढंच दिसतं.

तंतूंचा आकडा पाहिला की चित्र बदलतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत तूरडाळीत 100 ग्रॅममागे सुमारे 9 ग्रॅम तंतू आहेत, तर सालासकट अख्ख्या तुरीत 22 ग्रॅमच्या पुढे. मूगडाळीत 9, अख्ख्या मुगात 17. हरभरा डाळीत 15, अख्ख्या हरभऱ्यात 25. पांढऱ्या तांदळात हा आकडा 3 सुद्धा भरत नाही. साल काढली, डाळ पाडली की तंतूंचा मोठा वाटा कोंड्याबरोबर निघून जातो, हेही याच आकड्यांत दिसतं.

मग साखर हळू का चढते?

समजा पुढ्यात वाटीभर सोललेले, भाजलेले शेंगदाणे ठेवले. बोलता बोलता मूठमूठ तोंडात जाते आणि पाच मिनिटांत वाटी रिकामी. तेवढेच दाणे शेंगांत असतील तर? एकेक शेंग फोडायची, दाणे काढायचे, टरफल बाजूला टाकायचं. दाणे तेवढेच, पण पोटात जायला अर्धा तास लागतो.

डाळीतला पिठूळ भाग असाच शेंगेत असतो. कडधान्याच्या दाण्यातल्या प्रत्येक पेशीभोवती जाड, चिवट भिंत असते आणि ती शिजवल्यावरही बरीचशी शाबूत राहते. पिठाचे कण त्या भिंतीच्या आत, भोवती प्रथिनांचा थर. पाचक रसांना आत शिरायलाच वेळ लागतो. शिवाय कडधान्यांच्या पिठात अमायलोज नावाचा घट्ट बांधणीचा प्रकार जास्त असतो, तोही सावकाश पचतो. भात शिजला की त्याचे कण फुगून मोकळे होतात आणि पाचक रसांना आयते सापडतात.

हा वेग मोजायची पद्धत कॅनडात टोरोंटो विद्यापीठातले डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांचे सहकारी यांनी 1981 साली मांडली. तिला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. शुद्ध ग्लुकोजला 100 गुण दिले, तर तेवढीच कर्बोदकं देणारा दुसरा पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो, हे त्यातून कळतं. 55 पर्यंत कमी, 70 आणि वर गेला तर जास्त. जगभरच्या चाचण्यांच्या सरासरीत पांढरा भात 73 च्या आसपास येतो. मसूर 32, छोले 28, राजमा 24, सोयाबीन 16. जात, पाणी, शिजवण्याचा वेळ यांप्रमाणे हे आकडे पुढेमागे होतात, पण कडधान्यं तळाशी आणि भात वर, ही रांग सहसा मोडत नाही.

आणखी एक फायदा आहे, ज्याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. न पचलेले तंतू आणि थोडं न पचलेलं पीठ मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून काही आम्लं तयार होऊन रक्तात जातात. डाळीचं जेवण तसं सावकाश पचत राहतं ते वेगळंच. या दोन्हींचा परिणाम पुढच्या जेवणापर्यंत टिकतो. रात्री उसळ खाल्ली तर सकाळच्या नाश्त्यानंतर साखर जरा कमी उसळते. जेन्किन्स यांच्याच गटाने 1980 च्या दशकात मसुरावर केलेल्या प्रयोगांत हे दाखवलं आहे.

वाटीतल्या वरणात डाळ किती?

इथे खरी मेख आहे. "आम्ही रोज डाळ खातो" असं सगळेच म्हणतात. ती किती, हे एकदा मोजून पाहायला हवं.

नेहमीच्या वापरातली वाटी साधारण दीडशे मिलिलिटरची. ती तुरीच्या डाळीने भरली तर डाळ सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरते. चौघांच्या घरात एका वेळेला अशी अर्धी वाटी डाळ लागते, ती शिजवून, घोटून, पाणी घालून मोठं पातेलंभर आमटी होते. माणशी वाट्याला येते कोरडी डाळ 15 ग्रॅम. त्यातून प्रथिनं मिळतात 3 ते 4 ग्रॅम. आणि ती आमटी कशावर पडते? दोन वाट्या भातावर.

आता याच पानाचा हिशोब मांडू. एक वाटी मोकळ्या भातात कर्बोदकं सुमारे 40 ग्रॅम. दोन वाट्यांचे 80. पातळ आमटीतले 8 धरा. एकूण 88 ग्रॅम, त्यातले 80 भरभर चढणारे.

मांडणी उलटी करू. भात एक वाटी. जोडीला दोन वाट्या घट्ट डाळ किंवा उसळ, प्रत्येकीत 30 ग्रॅम कोरडं कडधान्य. भाताचे 40, उसळीचे साधारण 34. एकूण 74. बेरजेत फार मोठा फरक नाही, चौदा ग्रॅमचाच. पण आता भरभर चढणारा भाग 80 वरून 40 वर आला. प्रथिनं डाळीतून 13-14 ग्रॅम, तंतू 6 ते 10 ग्रॅम. पोट तेवढंच भरतं, आणि भूक उशिरा लागते.

याला प्रयोगाचा आधार आहे. कॅनडातल्याच ग्वेल्फ विद्यापीठात 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 24 निरोगी लोकांना एकदा नुसता भात आणि एकदा अर्धा भात अर्धा मसूर असं खायला दिलं. अर्ध्या भाताच्या जागी मसूर आला तेव्हा रक्तातली साखर 20 टक्क्यांपर्यंत कमी चढली. बटाट्याच्या अर्ध्या भागाची जागा मसुराने घेतली तेव्हा 35 टक्क्यांपर्यंत. मधुमेह असलेल्यांवरचा अभ्यासही आहे. 2012 साली जेन्किन्स यांच्या गटाने 121 रुग्णांना दोन गटांत विभागलं. एका गटाने तीन महिने रोज किमान एक कप शिजवलेली कडधान्यं खाल्ली, दुसऱ्याने गव्हाच्या कोंड्यासकटचे पदार्थ. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ही चाचणी पहिल्या गटात 0.5 ने उतरली, दुसऱ्यात 0.3 ने. कडधान्यवाल्यांचा रक्तदाबही उतरला. आकडा छोटा वाटेल, पण जेवणातल्या एका बदलाने तो मिळतो, आणि गोळ्या चालू असतानाच मिळतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत 2000 कॅलरींच्या दिवसाला 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं सांगितली आहेत, तृणधान्यं 250 ग्रॅम. दोन वेळच्या पातळ आमटीतून 85 ग्रॅम कधीच भरत नाहीत. आमटी बंद करायची गरज नाही. ती जराशी घट्ट करायची आणि तिच्याशिवाय पानात एक उसळ आणायची.

अख्खं, डाळ की पीठ?

शेंगदाण्यांचं उदाहरण इथे पुन्हा लागू पडतं. कडधान्य जितकं अख्खं, तितकं ते शेंगेत. दळलं की टरफलं आपणच फोडून दिली.

म्हणून क्रम असा लागतो: अख्ख्या कडधान्याची उसळ सर्वांत सावकाश पचते. मग मऊ शिजलेली, पण दाणा दिसेल अशी डाळ. मग रवीने घोटलेलं गुळगुळीत वरण. शेवटी पीठ. हा क्रम ऐकून पिठल्याला घाबरायचं कारण नाही. बेसन झालं तरी ते हरभऱ्याचंच. त्यात प्रथिनं आणि तंतू आहेत आणि गव्हाच्या पिठापेक्षा त्याने साखर कमीच चढते. कुळथाचं पिठलं हे तर कोकणातल्या घरांचं रोजचं अन्न. अडचण पिठल्यात नसते, त्याच्याबरोबर किती भात उपसला जातो त्यात असते. भाकरी एक आणि झुणका भरपूर, सोबत कच्चा कांदा किंवा मुळा, असं पान मधुमेहालाही चालतं. घाटावर हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे करतात, तेही रस्त्यासकट एक पूर्ण जेवणच आहे.

मिक्सरमधून काढलेल्या डाळीच्या सूपबद्दल मात्र थोडं सांगावंसं वाटतं. "पचायला हलकं" म्हणून ज्येष्ठांना ते रोज दिलं जातं. दातांची अडचण असेल तर ठीक आहे. नसेल तर चावून खायची उसळ बरी, कारण पचायला हलकं याचा अर्थ साखर लवकर चढणारं असाही होतो.

स्वयंपाकघरात काय करायचं

भिजवणं पहिलं. मूग, मटकी, मसूर यांना थोडे तास पुरतात. हरभरा, राजमा, काळे वाटाणे, वाल, कुळीथ रात्रभर. भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं. मोड आणणं ही आपल्याकडची फार चांगली रीत आहे. मोड येताना दाणा स्वतःच आपल्यातल्या गॅस करणाऱ्या शर्करा वापरू लागतो, लोहाला अडवणारं फायटेट कमी होतं आणि जीवनसत्त्व क तयार होतं, जे कोरड्या दाण्यात जवळपास नसतंच. मटकीला लांबलचक मोड आणायची गरज नाही, दाण्याएवढा मोड पुरे.

एक पदार्थ सविस्तर सांगते, कारण शिकायला सोपा आणि रोज करता येण्यासारखा आहे: अख्खा मसूर. सांगली-कोल्हापूरकडच्या ढाब्यांवर तो लोकप्रिय आहे, पण तिथे त्यावर तेलाचा तवंग असतो. घरी तो लागत नाही. चौघांसाठी एक वाटी अख्खा मसूर दोन-तीन तास भिजवा. कुकरमध्ये मसुराच्या वर बोटभर पाणी, चिमूटभर हळद, दोन शिट्ट्या. झाकण उघडल्यावर एक दाणा बोटांत दाबून पाहा. तो सहज दबला पाहिजे, पण पातेल्यात पाहिलं तर साल फाटून लगदा झालेला नको. लगदा झाला तर पुढच्या वेळी एक शिट्टी कमी. कढईत दोन चमचे तेलात जिरं, भरपूर ठेचलेला लसूण, दोन बारीक चिरलेले कांदे चांगले तांबूस होईपर्यंत परता. घाई केली तर कांद्याचा कच्चट गोडवा राहतो आणि मसूर सपक लागतो. मग टोमॅटो, तो तेल सोडेपर्यंत. कांदा-लसूण मसाला एक ते दोन चमचे, मीठ, आणि मसूर त्याच्या पाण्यासकट. दहा मिनिटं मंद आचेवर ठेवलं की रस्सा आपोआप दाट होतो, पीठ किंवा वाटण लावावं लागत नाही. वरून कोथिंबीर आणि लिंबू. याच्याबरोबर एक ज्वारीची भाकरी, काकडीची कोशिंबीर आणि ताक असेल तर रात्रीचं जेवण झालं.

लिंबाचं नाव सवयीने घेतलं नाही. लिंबू, कोकम, चिंच, ताक यांतली आंबट चव जेवणाबरोबर असली की पोट जरा सावकाश रिकामं होतं, आणि लिंबाने डाळीतलं लोहही शरीरात जास्त शोषलं जातं. फक्त आमटीत चिंचेबरोबर गुळाचा मोठा खडा पडू देऊ नका. सुपारीएवढ्या खड्याने आमटी बिघडत नाही, पण चार माणसांची आमटी गोड लागेपर्यंत गूळ घालायची सवय असेल तर ती हळूहळू सोडावी.

पालेभाजी आणि डाळ यांची जोडी आपल्या स्वयंपाकात आधीच आहे: डाळ-मेथी, डाळ-पालक, मूगडाळ घातलेली कोबीची किंवा दुधीची भाजी, हरभरा डाळ घातलेलं अळूचं फदफदं. यांत डाळीचं प्रमाण दुप्पट करा, कुणाला कळणारही नाही. रायगडकडचं वालाचं बिरडं, गोव्याकडचं चवळीचं किंवा वाटाण्याचं तोंडाक, सातारकडचं उडदाचं घुटं, विदर्भातली तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, कुठल्याही भागातलं माणूस असो, त्याच्या जिभेला ओळखीचं काहीतरी निघतंच. ओलं खोबरं घालताना हात आखडता ठेवावा, सजावटीपुरतं चालतं.

सकाळचा नाश्ता ही सर्वांत सोपी जागा आहे आणि तीच सर्वांत दुर्लक्षित. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी हे तिन्ही जवळपास नुसते पिठूळ पदार्थ. त्यांऐवजी हिरवे मूग रात्री भिजवून सकाळी आलं-मिरचीबरोबर जाडसर वाटून धिरडी घाला. आंबवायची वाट पाहावी लागत नाही. पोहे हवेच असतील तर त्यात वाफवलेली मोडाची मटकी घाला, पोह्यांइतकीच. इडलीच्या पिठात तांदूळ कमी करून उडीद डाळ वाढवा, इडली जरा जड होते पण चव छान लागते.

राजम्याबाबत एक सावधगिरी. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, त्याने उलट्या आणि जुलाब होतात. भिजवून, ते पाणी फेकून देऊन, कुकरमध्ये पूर्ण शिजवला की ते नष्ट होतं. अर्धकच्चा राजमा सॅलडमध्ये कधीही घालू नये.

"पण डाळींनी पोट फुगतं"

ही तक्रार खरी आहे. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या तोडणारं विकर आपल्या आतड्यात नाही, म्हणून त्या मोठ्या आतड्यात जाऊन जिवाणूंच्या हाती पडतात आणि वायू तयार होतो. म्हणजे जे जिवाणू पुढच्या जेवणाची साखर आवरायला मदत करतात, त्यांच्याच कामाचा हा भाग.

उपाय आहेत. भिजवलेलं पाणी फेकून देणं, मोड आणणं, नीट मऊ शिजवणं. हिंग, आलं, ओवा हे तर आजीच्या काळापासून आहेतच. पण सर्वांत मोठा उपाय म्हणजे सावकाश सुरुवात. आजवर पाव वाटी उसळ खाणाऱ्याने उद्या दोन वाट्या छोले खाल्ले तर त्रास होणारच. पहिला आठवडा मूग आणि मसूर, अर्धी वाटी. मग मटकी, चवळी. हरभरा, वाल, राजमा शेवटी. बहुतेकांच्या आतड्याला दोन-तीन आठवड्यांत सवय होते. पाणी पुरेसं प्या, नाहीतर वाढलेल्या तंतूंनी उलट बद्धकोष्ठ होईल.

"आम्ही भात सोडून भाकरी खातो, तेवढं पुरे नाही का?"

ज्वारी-बाजरीची भाकरी चांगलीच. तंतू, लोह, मॅग्नेशियम जास्त. पण भाकरीही मुख्यतः कर्बोदकच आहे. 2025 च्या ज्या पाहणीचा उल्लेख सुरुवातीला केला, तिच्यात हेही दिसलं की एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवून नुसता तांदूळ बदलून गहू किंवा भरड धान्य आणलं, तर धोक्यात फारसा फरक पडत नाही. दोन वाट्या भाताच्या जागी तीन भाकऱ्या आल्या तर साखर कमी होईल अशी आशा करू नये. दीड भाकरी आणि वाढीव उसळ, असं असेल तर होईल. शिवाय धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात. दोन्ही एका पानात आली की प्रथिनांची जोडी पूर्ण होते.

मिसळ, वडा, पुरणपोळी

मिसळीतली मटकी उत्तमच. दोन पाव, मूठभर फरसाण आणि कटावरचं तेल यांनी हिशोब फिरतो. घरी उसळ जास्त, फरसाण चिमूटभर, पाव अर्धा किंवा नाहीच, असं करून पाहा. डाळवडा, भजी यांत डाळ असली तरी तेल एवढं असतं की वजनाच्या बाजूने नुकसान होतं. पुरणात हरभरा डाळीच्या बरोबरीने गूळ पडतो आणि वर गव्हाची पारी. सणाला अर्धी पोळी, कटाच्या आमटीबरोबर, भात वगळून. रोजच्या जेवणात पापड आणि लोणच्याने मीठ वाढतं, आणि मधुमेहाबरोबर रक्तदाब असणारे खूप जण आहेत, तेव्हा तिकडेही लक्ष असू द्या.

कुणी आधी डॉक्टरांना विचारावं?

मूत्रपिंडाचा आजार असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा लघवीतून प्रथिन जात असेल, तर प्रथिनं आणि पोटॅशियम किती घ्यायचं हे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ठरवतील. वरचा दोन वाट्यांचा हिशोब अशांनी आपल्या मनाने लावू नये. मधुमेहात मूत्रपिंडावर परिणाम होणं काही दुर्मीळ नाही, म्हणून ही तपासणी वर्षातून एकदा झालेली असावी.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी भात-पोळी एकदम निम्मी केली तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. हात थरथरणं, घाम, धडधड ही त्याची लक्षणं. आहार बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, डोस कमी करावा लागू शकतो. आणि साखर खाली गेलीच तर त्या क्षणी उसळ किंवा डाळ उपयोगाची नाही, कारण ती सावकाश पचते. तेव्हा ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यायची. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या चालू असतील तर साखरेने लवकर गुण येत नाही, ग्लुकोजच हवं, त्याची पुडी जवळ ठेवा. याच गोळ्यांबरोबर कडधान्यांचा गॅसही जास्त होतो, तेही माहीत असावं.

यूरिक ॲसिड वाढलेलं आहे म्हणून डाळ पूर्ण सोडणारे बरेच भेटतात. ज्यापासून यूरिक ॲसिड बनतं ते प्यूरिन डाळींत असतं हे खरं, पण 2004 साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात मांस आणि मासळीने गाउटचा, म्हणजे यूरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याच्या आजाराचा, धोका वाढताना दिसला, प्यूरिन असलेल्या भाज्या आणि कडधान्यांनी तो वाढला नाही. तरीही सांधा सुजलेला असताना डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आपल्याला किती जमतं, हे कसं कळणार?

माणसामाणसांत फरक असतो. एकाला वाटीभर छोल्यांनी काही होत नाही, दुसऱ्याची साखर तेवढ्यानेही चढते. घरी ग्लुकोमीटर असेल तर हे शोधून काढणं अवघड नाही. एके दिवशी नेहमीचं जेवण: जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा साखर मोजा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तशीच दगदग असताना, निम्मा भात आणि वाढीव उसळ घेऊन पुन्हा दोनदा मोजा. दोन आकड्यांमधली वाढ किती, ते वहीत लिहा. जेवणानंतरचा आकडा 180 च्या आत राहावा असं बहुतेक प्रौढांसाठी सांगितलं जातं, पण तुमचं उद्दिष्ट तुमचे डॉक्टर ठरवतील. एका मापावरून निष्कर्ष काढू नका, दोन-तीनदा करून पाहा, आणि त्याच पद्धतीने मूग, मसूर, हरभरा वेगवेगळे तपासा. ती वही पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. गोळ्यांचा डोस ठरवताना त्यांना तिचा उपयोग होतो.